कॉलेज सुटलं तरी श्रेयांक सोडू नका

धरमतर खाडीकाठी, पेण-रोहा परिसरात काम करताना आम्ही वारंवार पाहतो : ठेकेदाराकडे काम मिळालं की हजेरी तुटते, दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात कॉलेज सुटतं. पास झालेले विषयही वाया गेले, असं घरचे धरून चालतात. तसं नाही.

श्रेयांक बँक
विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ सुरू केली. डिजिलॉकरवरून खातं उघडता येतं. श्रेयांक मात्र विद्यापीठच जमा करतं. गुणपत्रिका आपण स्वतः चढवून चालत नाही. २०२१-२२ पासूनचे श्रेयांक यात धरतात. ते साधारण ७ वर्षं वापरता येतात.

मध्येच थांबायचं असेल तर
तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात. नव्या अभ्यासक्रमात ४० श्रेयांकांवर प्रमाणपत्र आणि ८० वर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. त्यासाठी ४ श्रेयांकांचं जादा कौशल्य-प्रशिक्षण करावं लागतं. तीन वर्षांच्या आत परतता येतं.

नोकरी सांभाळून
‘स्वयम्’वर शिकणं मोफत आहे, परीक्षेला शुल्क पडतं. एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय असे करता येतात, पण आपल्या कॉलेजने तो विषय मान्य केलेला हवा. आधी विचारा, मग नाव नोंदवा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) आणि इग्नू हे पर्यायही आहेत. जुने श्रेयांक किती धरायचे, हे प्रवेश देणारं विद्यापीठ ठरवतं; ते लेखी घ्या.

फसू नका
अमेरिकेत ‘क्लेप’सारखी परीक्षा देऊन, वर्गात न बसता काही श्रेयांक मिळतात. आपल्याकडे नुसत्या परीक्षांवर पदवी देणारी अशी सोय नाही. २०२१ च्या नियमांनुसार निम्मे श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेतूनच मिळवावे लागतात. म्हणून ‘एका वर्षात पदवी’ सांगणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. आयोगाच्या संकेतस्थळावर बोगस विद्यापीठांची यादी असते, ती पाहा.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. पोट सांभाळून शिकणाऱ्यांची वाट तेव्हापासूनची आहे. कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीत कॉलेज सुटलेल्यांची यादी करावी, प्रत्येकाचं खातं उघडलं का आणि त्यात श्रेयांक दिसतात का ते पाहावं. दिसत नसतील तर कॉलेजला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.