भरदुपारची रात्र

जपून उतरा, डेन्व्हर आलं. साल १८७८, जुलै संपत आलाय. बोस्टनपासूनची धूळ मानेवर घामात कालवून बसलीय, दातांत रेती करकरतेय. पांढऱ्या बटांच्या मारिया मिचेलबाई मात्र ताठ उभ्या. हातात क्रोनोमीटर, ते घड्याळ त्यांनी जिवापाड जपत आणलंय. व्हासार या मुलींच्या कॉलेजात बाई खगोलशास्त्र शिकवतात. सोमवारचं खग्रास सूर्यग्रहण बघायला त्या आल्यात. सहा बायका, तीन दुर्बिणी.

आणि भिंगं? ती ट्रंकांमध्ये, आणि ट्रंका प्वेब्लोला अडकल्या. दोन रेल्वे कंपन्यांचं भांडण! नुसत्या नळीतून काय डोंबल दिसणार? मारा तारघराच्या चकरा. प्रत्येक गाडीतून उतरणारं सामान डोळे फाडून बघा. दारावरून सामानाची गाडी खडखडत गेली की कान टवकारा. शुक्रवारी भिंगं पोचतात आणि पाऊस कोसळतो. शनिवारी त्याहून जास्त. रविवारी तर गारा.

सोमवार उजाडतो लख्ख. टेकडीच्या उतारावर ओल्या मातीचा वास, उन्हात तापलेलं तंबूचं कापड, समोर रॉकी पर्वताची शिखरंच शिखरं. शेजारच्या काळ्या झग्यातल्या नन चहा आणि ताजा पाव आणतात. घ्या की, लाजता काय!

याच बाईंना रोममधल्या वेधशाळेतून अंधार पडायच्या आत निघावं लागलं होतं. बाईमाणसाला रात्री दुर्बिणीपाशी थांबायची परवानगी नव्हती. आज, साठीला तीन दिवस उरले असताना, अंधार आपल्या पायांनी त्यांच्या तंबूपाशी येतोय आणि त्यांना उठवणारं कुणी नाही. मला या साऱ्या प्रवासात हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

ऊन विटत चाललंय. क्रोनोमीटरपाशी बसलेली मुलगी सेकंद मोजतेय. गप्प राहा, ओळखीच्यांनाही बाईंनी हाकेपलीकडे पाठवलंय. मोजणी थांबते. सूर्याभोवती प्रभामंडळ असं फाकतं की चित्र काढणारीला ते तेज सोसवेना. काळी काच काढा, दुसरी चढवा, लवकर! २ मिनिटं ४० सेकंद. तेवढ्यात आकार बघा, रंग बघा, सूर्याजवळ एखादा अनोळखी ग्रह दडलाय का तेही धुंडाळा.

ऊन परततं. कुणी बोलत नाही, सगळ्याजणी भराभर टिपणं लिहितायत. तुम्हीही लिहा, पण स्वतः पाहिलं तेवढंच. इतक्यात शिस्त मोडून कुणीतरी ओरडतं, “सावली! सावली!” टाका ती पेन्सिल. आग्नेयेला बघा, सगळा माळ कवेत घेऊन काळा पट्टा दूर सरकतोय, ईशान्येला नारिंगी उजेड पेटलाय. या पुढे, ती सावली क्षितिजापार जायच्या आत!