उत्तर बरोबर, पण खात्री किती?

चार पर्यायांच्या प्रश्नाला एका विद्यार्थिनीने विचार करून 'क' हे उत्तर लिहिले. शेजारच्या मुलाने डोळे मिटून बोट ठेवले, तेही 'क'वरच पडले. दोघांना गुण सारखेच. तिसऱ्याने ठाम गैरसमजापोटी 'ब' लिहिले, तर चौथ्याने काहीच सुचेना म्हणून 'ब' लिहिले. या दोघांनाही शून्य. हा फरक उत्तरपत्रिकेत उमटत नाही. तो उमटावा म्हणून उत्तराबरोबर खात्रीही विचारावी, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. शाळेत येण्याआधी ती वेधशाळेत पुढे आली होती.

पश्चिम ऑस्ट्रेलियाचे सरकारी खगोलशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. कुक यांनी १९०६ साली हवामानाच्या प्रत्येक अंदाजाला १ ते ५ यांपैकी एक अंक जोडण्याची पद्धत मांडली. ५ म्हणजे जवळजवळ पूर्ण खात्री. पण अशा खात्रीला गुण द्यायचे कसे? १९५० साली अमेरिकेच्या हवामान खात्यातील ग्लेन ब्रायर यांनी त्यासाठी एक सूत्र सुचवले. सोप्या रूपात ते असे: पाऊस पडला तर १, नाही पडला तर ० धरा. वर्तवलेली संभाव्यता आणि हा आकडा यांतील फरकाचा वर्ग म्हणजे दंड.

फरकाचा वर्ग कशासाठी? गणित करून पाहू. तुम्हाला मनातून ७० टक्के खात्री आहे. दंड नुसत्या फरकाइतका ठेवला, तर खरे '७०' सांगून सरासरी दंड ०.४२ येतो आणि '१००' अशी बढाई मारून ०.३०. म्हणजे बढाईच फायद्याची! वर्ग घेतला की '१००'चा दंड ०.३०च राहतो, पण '७०'चा ०.२१ होतो. जेवढी खात्री तेवढीच सांगणे हेच हिताचे ठरते. गुणदानाची चांगली पद्धत ओळखण्याची ही कसोटी आहे.

आपल्याकडे या प्रश्नाची झळ २००२ साली बसली. त्या वर्षी मोसमी पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या १०१ टक्के पडेल, असा भारतीय हवामानशास्त्र विभागाचा अंदाज होता. प्रत्यक्षात देशाची सरासरी ८१ टक्के भरली. २००३ पासून विभागाने नव्या पद्धती स्वीकारल्या. पुढे एका आकड्याबरोबरच अपुऱ्या पावसापासून अतिरिक्त पावसापर्यंत पाच गटांची संभाव्यताही दिली जाऊ लागली. देशाच्या सरासरीवरून पैठण तालुक्यातील बिडकीनला किती पाऊस पडेल हे कळत नाही, हे खरे. पण कपाशीचे बियाणे घेऊन बसलेल्या शेतकऱ्याला '६० टक्के' आणि '९० टक्के' यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

वर्गात या विचाराला गणिती बैठक दिली ती इटलीचे संभाव्यताशास्त्रज्ञ ब्रुनो द फिनेती यांनी, १९६५ मध्ये. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील गार्डनर-मेडविन यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी तिचे सुटसुटीत रूप वापरले. उत्तरासोबत १, २ किंवा ३ अशी खात्री लिहायची. उत्तर बरोबर आले तर तेवढेच गुण. चुकले तर अनुक्रमे ०, उणे २ आणि उणे ६. हिशेब केला तर खात्री दोन-तृतीयांशाहून कमी असेल तेव्हा १, ८० टक्क्यांहून अधिक असेल तेव्हा ३ आणि मधल्या टप्प्यात २ लिहिणे फायद्याचे ठरते.

आपल्या प्रवेश परीक्षांतील उणे गुणांची रीत याहून वेगळी आहे. बरोबर उत्तराला ४ आणि चुकीच्या उत्तराला उणे १ गुण असतील, तर चार पर्यायांत आंधळेपणाने ठोकून दिलेल्या उत्तरालाही सरासरी पाव गुण मिळतो. उत्तर लिहावे की सोडून द्यावे एवढाच निर्णय तेथे विद्यार्थ्याच्या हाती असतो. किती खात्री आहे, हे त्याला कोणी विचारत नाही.

ही पद्धत वार्षिक निकालासाठी वापरण्याची घाई मात्र नको. अबोल, भित्रे मूल येत असलेल्या उत्तरापुढेही १ लिहील, आणि मग आपण ज्ञानाऐवजी स्वभावच मोजत बसू. सराव चाचणीत मात्र तिचा उपयोग मोठा आहे. फळ्यावर प्रश्न लिहा आणि चिठ्ठीवर उत्तर व खात्रीचा अंक मागवा. समजा, 'पृथ्वी सूर्याच्या जवळ येते म्हणून उन्हाळा होतो' या पर्यायापुढे अनेकांनी ३ लिहिले. पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपल्या ऐन थंडीत! ज्याने १ लिहिले त्याला फक्त माहिती द्यायची आहे. ज्याने ३ लिहिले त्याच्या मनातली जुनी समजूत आधी काढावी लागेल. दुसऱ्या दिवशी धडा कोठून सुरू करायचा, हे त्या चिठ्ठ्याच सांगतील.