ऐकणाऱ्यानें बोलावें

कांद्याचा बाजारभाव नभोवाणीनें सांगावा आणि पिंपळगांव बसवंतच्या शेतकऱ्यानें तो मुकाट्यानें ऐकावा, ही रीत फार जुनी. पण त्यालाच कांहीं बोलावयाचें असेल तर?

प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं दिला. तरीही २००२ सालीं सामुदायिक केंद्राची परवानगी मिळाली ती केवळ शिक्षणसंस्थांना; लोकसेवी संस्थांसाठीं २००६ साल उजाडावें लागलें. पुढें २००८ सालीं सातारा जिल्ह्यांतील दुष्काळी माण तालुक्यांत, म्हसवड येथें, ‘माणदेशी तरंग’ हें केंद्र ९०.४ मेगाहर्ट्झवर बोलूं लागलें. अशा केंद्राची शक्ति सामान्यतः अवघी १०० वॅट. त्याची हांक आसपासच्या गांवांपुरतीच. परंतु निदान निम्मे कार्यक्रम त्याच परिसरांत तयार व्हावेत, असा दंडक असल्यामुळें तेथें ऐकणाराच बोलणाराही होतो.

मात्र २००६ च्या नियमांनीं अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई केली. म्हणजे माणदेशी बाईनें ओवी गावी. पण गांवांत पाण्याचा टँकर आला नाहीं, ही बातमी मात्र सांगूं नये! कंठ दिला, तर त्याला तक्रारीचीही मुभा हवी.