जुन्नर–आंबेगाव परिसरातील उपग्रह दूरचित्रवाणी

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत घरोघरी दूरचित्रवाणी पोहोचली, ती प्रामुख्याने उपग्रहाकडे रोखलेल्या छोट्या डिशमुळे. ग्रामीण बोलीत या डिशला ‘छत्री’ असेही म्हणतात. डिश, तिच्या पुढील दांड्यावर बसवलेला एलएनबी, केबल आणि सेट टॉप बॉक्स एवढीच ही सामग्री असते.

पार्श्वभूमी

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढील वर्षी सिंहगडावरून त्याच्या कार्यक्रमांचे पुनःक्षेपण होऊ लागले. सिंहगडापासून जुन्नर सरळ रेषेत सुमारे ९० किलोमीटर उत्तरेस आहे. दूरचित्रवाणीच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की त्यामागे त्यांची सावली पडते. त्यामुळे नाणेघाटाकडील गावे व भीमाशंकरच्या कुशीतील आहुपे खोरे यांसारख्या पश्चिम पट्ट्यात उंच बांबूवरील एरियल आणि बूस्टर यांचाही फारसा उपयोग होत नसे. दूरदर्शनच्या मराठी वाहिनीला पुढे ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. तिच्या वाटेतला अडथळाही सह्याद्रीच होता.

विशेष म्हणजे उपग्रह संदेशवहन या परिसराला नवे नव्हते. नारायणगावजवळील आर्वी येथे १९७० च्या दशकाच्या प्रारंभी देशातील पहिले व्यावसायिक आंतरराष्ट्रीय उपग्रह भू-केंद्र उभे राहिले. विक्रम साराभाई यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या केंद्राची तबकडी सुमारे ३० मीटर व्यासाची होती. हिंदी महासागरावरील इंटेलसॅट उपग्रहामार्फत परदेशांशी दूरध्वनी व दूरचित्रवाणीची देवाणघेवाण येथून होत असे. १९७५–७६ च्या ‘साइट’ प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांनी उपग्रहावरून थेट कार्यक्रम पाहिले, परंतु त्यांत महाराष्ट्र नव्हता. १९९० नंतर केबलचालकांच्या मोठ्या जाळीदार डिश आल्या. केबलचे जाळे बाजारपेठेच्या गावांत परवडे. विखुरलेल्या वाड्यांपर्यंत तार ओढणे परवडत नसे.

घरगुती डिश

भारतात खासगी डीटीएच सेवा २००३ मध्ये सुरू झाली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मासिक शुल्क नसलेली ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही सेवा आली. तिचेच पुढील नाव ‘डीडी फ्री डिश’. उपग्रहांची शक्ती वाढली व अधिक वारंवारतेचा केयू पट्टा वापरात आला, म्हणून आर्वीच्या ३० मीटरऐवजी ६० सेंटिमीटरची तबकडी पुरेशी ठरली. अर्थात घरगुती डिश केवळ ग्रहण करते. आर्वीहून संदेश पाठवलेही जात.

फ्री डिशचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. जुन्नरहून तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश उंचीवर येतो. एवढा उंच कडा घराच्या आग्नेयेस क्वचितच असतो. त्यामुळे खोऱ्यातल्या घरालाही आकाश मोकळे मिळते. अडचण होते ती अंगणातल्या आंब्याची किंवा फणसाची. तबकडी पाहताना मात्र ती एवढी वर वळलेली वाटत नाही, कारण तिचा एलएनबी मध्यभागी नसून खालच्या बाजूस असतो. बसवणाऱ्याने डोळ्यांच्या अंदाजावर न जाता बॉक्सवरील संदेशाची पातळी पाहून ती अंशाअंशाने सरकवावी लागते.

पश्चिम पट्ट्यातील खरा शत्रू पाऊस. केयू पट्ट्यातील लहरींची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर असल्याने जोराच्या सरीत त्या शोषल्या व विखुरल्या जातात आणि चित्र गोठते. ९० सेंटिमीटरची डिश लावल्यास हा त्रास कमी होतो, संपत नाही. एलएनबीच्या सांध्यात शिरलेले पाणी हे बिघाडाचे आणखी एक नेहमीचे कारण.

जीएमआरटी आणि घरगुती उपकरणे

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ‘जीएमआरटी’ ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. तिला आकाशातील अत्यंत क्षीण लहरी टिपायच्या असल्याने मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असलेली जागा हवी होती. ज्या डोंगरांनी दूरदर्शनला अडवले, तेच येथे आडोसा ठरतात.

उपग्रहाहून येणाऱ्या सुमारे ११ ते १२ गिगाहर्ट्‌झच्या लहरी दुर्बिणीच्या कार्यक्षेत्राबाहेर आहेत. परंतु एलएनबी त्यांचे रूपांतर ९५० ते २,१५० मेगाहर्ट्‌झमध्ये करतो व तोच संदेश केबलमधून घरात जातो. हायड्रोजनची १,४२० मेगाहर्ट्‌झची रेषा नेमकी याच पट्ट्यात येते. केबलचे धातूचे आवरण तुटलेले असेल वा सांधा सैल असेल, तर यातील काही भाग बाहेर गळू शकतो. जुन्या एरियलवरील बूस्टर बिघडल्यास स्वतःच लहरी सोडू लागे. त्या मानाने नीट जोडलेली डिश हा निरुपद्रवी शेजारी आहे, शिवाय तिच्यासाठी खोऱ्यात वेगळे क्षेपणकेंद्रही लागत नाही.

दूरदर्शनची बहुतेक जुनी जमिनीवरील ॲनालॉग क्षेपणकेंद्रे २०२२ पर्यंत बंद करण्यात आली. दुर्गम वाड्यांत सह्याद्री वाहिनी आता मुख्यतः डिशवरूनच दिसते.