वार, बोर्डिंग, आश्रमशाळा : त्र्यंबकेश्वर परिसरातील शाळकरी मुक्कामाचा इतिहास

त्र्यंबकेश्वरच्या इतिहासावरील लेखनात ज्योतिर्लिंग, कुशावर्त, ब्रह्मगिरी आणि सिंहस्थ यांना जितकी जागा मिळाली, तितकी तेथील शाळांना मिळालेली नाही. तीर्थक्षेत्राकडे पाहणाऱ्याची नजर यात्रेकरूवर खिळते आणि त्याच रस्त्याने खांद्यावर दप्तर घेऊन पाड्यावरून उतरणारे मूल सुटून जाते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की, येथील शिक्षणाचा इतिहास केवळ अभ्यासक्रम आणि परीक्षांच्या अंगाने मांडला तर तो इतर कोणत्याही तालुक्यासारखाच दिसतो. तोच इतिहास मूल शिकण्यासाठी कोठे राहिले, कोणाच्या घरी जेवले आणि पंगतीत कोणाशेजारी बसले या अंगाने पाहिला, तर त्याचे वेगळेपण ध्यानात येते. दोन अडीचशे वर्षांच्या काळात या भागात शिकणे आणि मुक्काम करणे या गोष्टी एकमेकींपासून क्वचितच वेगळ्या झाल्या.

नानासाहेब पेशव्यांनी 1755 मध्ये हाती घेतलेले मंदिराचे बांधकाम 1786 पर्यंत चालले. मंदिराच्या आश्रयाने तीर्थोपाध्यायांची घरे वाढली आणि त्या घरांच्या आश्रयाने वेदाध्ययन वाढले. वेदपाठशाळेत शिकवण्याची पद्धत संथेची होती : गुरूने एक पद स्वरासह म्हणावे, शिष्यांनी ते दोनदा म्हणावे, आणि हे आवर्तन मंत्र कंठस्थ होईपर्यंत दिवसेंदिवस चालावे. संहितेचा पाठ पक्का झाला की पद, क्रम, जटा आणि घन अशा चढत्या अवघड पाठांकडे विद्यार्थी वळत असे. या पाठांत शब्दांचा क्रम उलटसुलट गुंफलेला असल्याने एखादे अक्षर चुकले तर ते लगेच कानाला खटकते, म्हणजे पाठांतराची तपासणी पाठांतरातच बसवलेली होती. बाहेरगावाहून आलेल्या विद्यार्थ्याच्या पोटाची सोय दोन रीतींनी होई. एक माधुकरी, म्हणजे पाच घरी जाऊन शिजवलेले अन्न मागून आणणे, आणि दुसरी वार, म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरांना वाटून देणे. ‘वारावर जेवून शिकला’ हा मराठीतला शब्दप्रयोग याच व्यवस्थेतून आला. त्यात कौतुक आहे, आणि ज्याने तसे दिवस काढले त्याच्या तोंडी तो आला की थोडा सलही असतो. ही सोय जातीच्या कुंपणाआड होती, हे मात्र विसरता येत नाही. ज्याला त्या घरांच्या ओसरीवर पान वाढले जाणे शक्य नव्हते, त्याला वारही नव्हता आणि म्हणून विद्याही नव्हती. मुलींचा तर प्रश्नच उद्भवत नसे.

पाठशाळेखेरीज दुसरी शाळा पंतोजींची होती. तेथे धुळाक्षरे, पाढे, हिशेब आणि मोडी वाचन शिकवले जाई, आणि पंतोजींना मोबदला बहुधा धान्यरूपाने मिळे. एप्रिल 1818 मध्ये त्र्यंबकचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि त्यानंतरच्या दशकात मुंबई इलाख्यातील शाळांची मोजदाद झाली. 1829 च्या आकड्यांनुसार इलाख्यात 1705 शाळा होत्या, त्यांपैकी सरकारी खर्चाने चालणाऱ्या अवघ्या 25, आणि उरलेल्या 1680 गावच्या गावाने चालवलेल्या. सरकारने शाळा आणल्या या प्रचलित समजुतीला हा आकडा धक्का देतो, परंतु त्या 1680 शाळांत कोणाची मुले बसत होती हे विचारले की समाधान ओसरते. गावाने चालवलेली शाळा सगळ्या गावाची नसे. त्र्यंबकच्या पश्चिमेला आणि उत्तरेला पसरलेल्या डोंगरपट्ट्यातील महादेव कोळी, ठाकर, कोकणा, वारली आणि कातकरी वस्त्यांपर्यंत तर ती पोहोचलीच नव्हती. त्या वस्त्यांचा गावाशी संबंध बाजार, जंगल, वेठ आणि देव यांपुरता होता.

1854 च्या वूडच्या खलित्यानंतर, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणविषयक धोरणपत्रानंतर, 1855 मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खाते उभे राहिले आणि छापील क्रमिक पुस्तके व घंटेवर चालणारी शाळा खेड्यांकडे सरकू लागली. मराठी शाळेच्या शिडीची शेवटची पायरी ‘फायनल’ ही होती. ती पास झालेल्याला शिक्षक किंवा तलाठी होण्याची आशा असे. इंग्रजी शाळेची पायरी मॅट्रिकची होती आणि ती परीक्षा मुंबई विद्यापीठ 1859 पासून घेत असे. त्र्यंबकच्या मुलाला इंग्रजी शिकायचे तर अठ्ठावीस किलोमीटरवरील नाशिक गाठावे लागे आणि रोज जाऊन येणे बैलगाडीच्या काळात अशक्यच होते. त्यामुळे प्रश्न पुन्हा मुक्कामावर येऊन ठेपला. नातेवाईक नाशकात असेल तो शिकला, नसेल तो राहिला. 1882 मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी शेतकऱ्यांच्या पैशावर वरच्या जातींची मुले शिकतात अशी तक्रार केली होती. त्या तक्रारीमागे पैशाइतकाच या मुक्कामाचाही हिशेब होता, असे म्हणावयास हरकत नाही.

या हिशेबाला पहिले ठोस उत्तर बोर्डिंगने दिले. बोर्डिंग म्हणजे शाळेपासून वेगळे, संस्थेने चालवलेले आणि देणग्यांवर पोसलेले वसतिगृह. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या प्रेरणेने 1901 पासून निरनिराळ्या जातींची बोर्डिंगे निघाली, आणि नाशकात 1914 मध्ये उदोजी मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच्याच पोटातून मराठा विद्या प्रसारक समाज ही संस्था वाढली आणि पुढे तिने जिल्हाभर हायस्कुले काढली. आज त्र्यंबकेश्वरातही तिचे महाविद्यालय आहे. बोर्डिंगने वाराची लाचारी संपवली, कारण येथे अन्न कोणा यजमानाच्या मर्जीवर नव्हते. तथापि पहिली बोर्डिंगे बहुतेक एकेका जातीची होती आणि पंगत फोडण्याचे काम उरलेच. सर्व जातींच्या मुलांनी एका पंगतीत बसावे हा आग्रह कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यातील 1924 च्या वसतिगृहात व्यवहारात आणला. नाशिक भागात हा प्रश्न किती धारदार होता हे अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी 1930 मध्ये सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाने साऱ्या देशाला दाखवले. देवळाचे दार आणि वसतिगृहाचे स्वयंपाकघर हे त्या काळी एकाच वादाचे दोन भाग होते. वर्तमानपत्रांनी पहिल्याची जितकी नोंद ठेवली तितकी दुसऱ्याची ठेवली नाही.

डोंगरपट्ट्यासाठी वेगळी शाळा हवी ही कल्पना गुजरातेतून आली. ठक्कर बाप्पांनी दाहोद भागात 1920 च्या दशकात भिल्ल मुलांसाठी आश्रम काढले. 1937 मध्ये दादासाहेब बिडकर यांनी डांग सेवा मंडळ स्थापन केले आणि नाशिकच्या आदिवासी पट्ट्यात शाळा व वसतिगृहांचे काम सुरू केले. त्याच वर्षी वर्ध्याच्या परिषदेत मूलोद्योगी शिक्षणाची मांडणी झाली. मूलोद्योग म्हणजे सूतकताई, शेती, सुतारकाम यांपैकी एखादा उद्योग मध्यवर्ती धरून त्याभोवती भाषा, गणित आणि विज्ञान शिकवणे. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने तो प्रयोग मुंबई इलाख्यात उचलला. आश्रमशाळा या शब्दात ही दोन्ही बीजे आहेत, ‘आश्रम’ ठक्कर बाप्पांकडचा आणि शाळेमागचे शेत वर्ध्याचे. मुंबई राज्याने 1953-54 पासून आश्रमशाळांची योजना स्वीकारली. 1972-73 मध्ये महाराष्ट्र शासनाने आश्रमशाळा संकुलांची योजना आणून पाच ते सात हजार लोकवस्तीमागे एक निवासी शाळा हा मापदंड ठरवला. पुढे 1983 मध्ये आदिवासी विकास विभाग स्वतंत्र झाला आणि त्याचे आयुक्तालय नाशकात आहे. 1999 मध्ये त्र्यंबकेश्वर हा वेगळा तालुका निघाला तेव्हा, तीर्थक्षेत्राच्या नावाने ओळखला जाणारा हा तालुका प्रत्यक्षात बहुसंख्येने आदिवासींचा आहे, ही गोष्ट कागदावरही स्पष्ट झाली.

शासकीय आश्रमशाळेची रचना वरकरणी साधी असते : पहिली ते दहावी, काही ठिकाणी बारावीपर्यंत, निवासी आणि बहिःस्थ असे दोन प्रकारचे विद्यार्थी, आणि मुख्याध्यापकाखेरीज अधीक्षक, अधीक्षिका, स्वयंपाकी व कामाठी ही पदे. परंतु जुन्या आश्रमशाळांत वसतिगृहाची स्वतंत्र इमारत नसे, आणि तेथे एकच खोली दिवसा वर्ग व रात्री निजण्याची जागा असे. भिंतीलगत पत्र्याच्या पेट्यांची ओळ, प्रत्येक पेटीवर ऑइलपेंटने लिहिलेले नाव आणि पाड्याचे नाव, पेटीच्या आत वह्या, एक जादा गणवेश, खोबरेल तेलाची बाटली आणि घरून आणलेली नागलीची भाकर फडक्यात बांधलेली. सायंकाळी बाके एका बाजूला सरकवून सतरंज्या अंथरल्या जात आणि फळ्यावर सकाळचे बीजगणित तसेच राहिलेले असे. पावसाळ्यात, आणि येथे पाऊस दोन हजार मिलिमीटरांच्या घरात पडतो, गोधड्यांना जो दमट वास येई तो दिवाळीपर्यंत जात नसे.

पावसाळ्याचा आणि शाळेचा झगडा या भागात जुना आहे. शालेय वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि जुलै लागला की शेतात आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची पुनर्लावणी, सुरू होते. त्या पंधरवड्यात हजेरीपट रिकामा पडतो, कारण चिखलात उतरणारा प्रत्येक हात घराला हवा असतो. भात निघाला की दुसरे स्थलांतर, दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांकडे. आईवडील बागेच्या कडेला झोपडी टाकून असताना मूल शाळेत टिकले ते आश्रमशाळेने त्याच्या जेवणाची आणि निजण्याची हमी घेतली म्हणून. या एका गोष्टीचे श्रेय आश्रमशाळेला, तिच्यावरील सगळी टीका मान्य करूनही, द्यावेच लागते. टीकाही थोडी नाही : तासिका तत्त्वावरील, म्हणजे तासागणिक मानधन घेणाऱ्या शिक्षकांवर वर्षानुवर्षे ढकलला जाणारा गाडा, आरोग्यसेवेची आबाळ, आणि घरी कोकणा किंवा वारली बोलणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी पुस्तकी मराठीत उभे करण्याची रीत. अशा मुलाला ‘बोलत नाही’ असा शेरा मिळतो, पण ते पाड्यावर भरपूर बोलत असते.

अभ्यासेतर जीवन या संज्ञेचा अर्थ शहरी हायस्कुलात तासांनंतरचे खेळ, नाटक, वक्तृत्व आणि गॅदरिंग असा होतो. निवासी शाळेत तासांनंतर मूल घरी जातच नसल्याने ही सीमारेषा पुसट होते आणि पहाटेच्या प्रार्थनेपासून रात्रीच्या परवच्यापर्यंत, म्हणजे दिवेलागणीला पाढे व श्लोक म्हणण्यापर्यंत, सारेच शाळा ठरते. परसबाग राखणे, पाणी भरणे आणि पंगत वाढणे हे मूलोद्योगाचे उरलेले अवशेष होत. त्यातले शिक्षण कोठे संपते आणि फुकटची मजुरी कोठे सुरू होते, याचा वाद आश्रमशाळांइतकाच जुना आहे. खेळांत कबड्डी आणि खो-खो यांना प्राधान्य मिळाले, कारण दोन्हींना सपाट जागेखेरीज काहीच लागत नाही. त्याहूनही कमी लागते ते धावण्याला. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर शर्यतीत कांस्यपदक घेऊन आली. त्या स्पर्धांत धावपट्टीवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवले आणि 2016 मध्ये रिओ ऑलिम्पिकची मॅरेथॉन धावली. ‘सावरपाडा एक्सप्रेस’ हे टोपणनाव त्यानंतर घरोघर पोहोचले आणि शाळांच्या क्रीडादिनी लांब पल्ल्याच्या शर्यतीला नोंदणी करणाऱ्या मुलींची संख्या वाढली, असे परिसरातील शिक्षक सांगतात.

स्नेहसंमेलनाची गोष्ट थोडी वेगळी आहे. दीर्घकाळ त्यात देशभक्तिपर गीते, लेझीम आणि चित्रपटगीतांवरील नाच यांचीच चलती होती. मुलांच्या घरी असलेला तारपा, म्हणजे वाळलेल्या भोपळ्याचे आणि बांबूचे फुंकून वाजवायचे वाद्य, किंवा बोहाड्याचे, म्हणजे देवादिकांची सोंगे नाचवण्याच्या उत्सवाचे, मुखवटे हे शाळेच्या रंगमंचावर ‘गावंढळ’ वाटत. अलीकडच्या दशकांत आदिवासी दिनाच्या आणि विभागीय सांस्कृतिक स्पर्धांच्या निमित्ताने तारपा रंगमंचावर आला. मात्र तो स्पर्धेच्या वेळमर्यादेत बसवून आला, आणि जे नृत्य रात्रभर वादकाभोवती फेर धरून चालते ते काही मिनिटांत प्रेक्षकांकडे तोंड करून उरकावे लागते. वाद्य आले, फेर मोडला.

जेवणाचा प्रश्न अजून मिटलेला नाही. इगतपुरी तालुक्यातील मुंढेगाव येथे टाटा ट्रस्ट्सच्या सहकार्याने मध्यवर्ती स्वयंपाकगृह उभे राहिले आणि परिसरातील आश्रमशाळांना तेथून शिजलेले अन्न गाडीने जाऊ लागले. स्वच्छता सुधारली, पण शाळेतली चूल थंड झाली. 2018 मध्ये शासनाने आदिवासी वसतिगृहांतील खानावळ बंद करून जेवणाची रक्कम थेट विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात जमा करण्याचा निर्णय अमलात आणला, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्या जुलै महिन्यात पुण्याहून नाशिकच्या आयुक्तालयाकडे पायी मोर्चा काढला. खोलीच्या जवळ खानावळ नसते, असली तर परवडत नाही आणि अभ्यासाचा वेळ भाजी चिरण्यात जातो, असे त्यांचे म्हणणे होते. वारावर जेवणाऱ्या पूर्वीच्या विद्यार्थ्याला रक्कम कधी मिळाली नव्हती आणि या विद्यार्थ्यांना ती नको होती.

दर बारा वर्षांनी सिंहस्थ येतो तेव्हा मुक्कामाचे हे गणित उलटे फिरते. 2015 च्या पर्वात त्र्यंबकेश्वरातील शाही स्नाने 29 ऑगस्ट, 13 सप्टेंबर आणि 25 सप्टेंबर या दिवशी, म्हणजे ऐन पहिल्या सत्रात झाली. अशा काळात बंदोबस्ताच्या पोलिसांना आणि स्वयंसेवकांना उतरण्यासाठी शाळांच्या इमारती दिल्या जातात. बाके व्हरांड्यात एकावर एक रचली जातात, वर्गात सतरंज्या पसरतात आणि घटक चाचण्यांचे वेळापत्रक पुढे ढकलले जाते. पुढील पर्वाचे ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला ठरले आहे.