फटफटीचा आवाज

मुदखेड-नांदेडकडची वडीलधारी माणसे मोटारसायकलला ‘फटफटी’ म्हणत. आवाजावरून पडलेल्या या नावात इंजिनाचा इतिहास आहे.

मद्रासला १९५५ मध्ये बुलेटची जुळणी सुरू झाली. तिचे ३४६ घनसेंटिमीटरचे फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदाच पेट घेते. मिनिटाला ९०० फेऱ्या धरल्या, तर सेकंदाला साडेसात ठोके. म्हणूनच ते सुटेसुटे ऐकू येतात. म्हैसूरची जावा, म्हणजे पुढची येझदी, टू-स्ट्रोक. ती प्रत्येक फेरीला पेटते. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात आम्ही डोळे मिटून हा फरक ओळखतो. (हौस म्हणतात ती हीच!)

पण टू-स्ट्रोकमध्ये काही ताजे मिश्रण न जळताच जळक्या वायूंबरोबर निसटते, वर इंधनात मिसळलेले तेलही जळते. ही उधळपट्टी आणि धूर आम्हाला नाकारता येत नाही. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला.

उरलेल्या गाड्या सजवताना हौशी मंडळी आधी मूळ सायलेन्सर काढतात, हे मात्र पटत नाही. टू-स्ट्रोकमध्ये त्या नळीतून परतणारी दाबाची लाट निसटते मिश्रण थोडेफार मागे ढकलते. नळी बदलली की आवाज वाढतो, हे गणित बिघडते, आणि कारखान्याने घडवलेला मूळ पुरावा भंगारात जातो.