वारसा, दैव आणि डोळ्याचा पडदा

मधुमेहाने डोळ्याचा पडदा बिघडतो, हे आज आपण सगळेच ऐकून आहोत. पण हेल्महोल्ट्झने १८५१ साली डोळ्यात डोकावायचं यंत्र मांडलं, तेव्हा कुठे जिवंत माणसाचा पडदा नीट दिसू लागला. पुढे १९२२ पासून इन्सुलिनमुळे रुग्ण दीर्घकाळ जगू लागले, आणि हा विकार मोठ्या संख्येने समोर आला.

मग प्रश्न पडला. साखर तेवढीच, वर्षंही तेवढीच. तरी एकाची नजर शाबूत, दुसऱ्याची अधू. असं का? १९८२ मध्ये लंडनच्या लेस्ली आणि पाइक यांनी एकसारख्या जुळ्यांचे डोळे तपासले. प्रौढपणीच्या मधुमेहाच्या ३७ जोड्यांपैकी ३५ जोड्यांत दोघांची अवस्था जुळत होती! पुढे अनेक जनुकं तपासली गेली. नव्या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाचं जनुक त्यातलंच एक. पण एकच एक गुन्हेगार काही सापडला नाही.

आता आम्ही तत्त्वज्ञानवाले विचारणार, मग सगळं दैवाधीन का? नाही. १९९३ साली अमेरिका-कॅनडातल्या १४४१ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडलेले, म्हणजे वारशाचा वाटा दोन्हीकडे साधारण सारखाच. तरीही, ज्यांचे पडदे सुरुवातीला निरोगी होते त्यांच्यात, काटेकोर साखर ठेवल्याने विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटला.

तेव्हा मधुमेही भावाची नजर गेली, तर मधुमेही बहिणीने कपाळाला हात लावून बसू नये. साखर सांभाळावी, आणि स्पष्ट दिसत असतानाच दरवर्षी पडदा तपासून घ्यावा. वारसा आपल्याला सावध करतो, निकाल देत नाही.